उसाचं बिल, पगार आणि पुढचे बारा महिने

विचारणारे सर सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातले. वय ४६, अनुदानित हायस्कूलमध्ये शिक्षक. एकूण पगार ९५ हजार. एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना), व्यवसाय कर आणि शिक्षकांच्या पतसंस्थेचा हप्ता कापून हातात ६७ हजार. नावावर तीन एकर, तिन्ही एकरांत ऊस (कारखान्याकडून उसाचे पैसे येतात ते ‘बिल’). त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, घरी शिवणकाम करतात, त्यांची स्वतंत्र भिशी आहे. मुलगी दहावीला, मुलगा सहावीला, आई ७२ वर्षांच्या, त्यांना शुगर आणि बीपी. घराच्या कर्जाचा हप्ता १४,५००. सोनं ठेवून २ लाख घेतलेत, गावच्या विकास सोसायटीचं पीक कर्ज १ लाख ८० हजार, विम्याच्या तीन पॉलिसी आणि गावातल्या एका पतसंस्थेत ३ लाखांची ठेव. सर मार्च २०२६ मध्ये लिहितात: "बिल जमा झालं की दोन महिन्यांत कुठं जातं कळत नाही. दर मार्चला कुणाकडून तरी हातउसने घ्यावे लागतात. यंदा एप्रिलपासून नीट करायचं आहे. एसआयपी किती रुपयांची करू? आणि जुनी करप्रणाली बरी की नवी?"

सर, एसआयपीचं (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम भरण्याचं) आणि कराचं शेवटी बोलू. सांगलीत विश्रामबागेत गेली चोवीस वर्षं मी लोकांची आयकराची विवरणपत्रं भरतोय. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात येणारा प्रत्येक माणूस हेच दोन प्रश्न घेऊन येतो. त्यांची उत्तरं पाच मिनिटांत देता येतात आणि त्यानं घरात काहीच बदलत नाही. तुमच्याकडे पैसा कमी नाही. तो कधी येतो आणि कधी जातो, या तारखा कधी एका कागदावर आलेल्या नाहीत, एवढंच झालंय.

तुम्हीच दिलेले आकडे मांडतो. हातात ६७ हजार, त्यातून घराचा हप्ता १४,५०० गेला की उरतात ५२,५००. घरखर्च, आईची औषधं, पेट्रोल, दूध, वीज मिळून ३५ हजार म्हणता. म्हणजे महिन्याला १७,५०० उरायला हवेत, वर्षाला २ लाख १० हजार. ते उरत नाहीत, कारण महिन्याच्या हिशेबात न दिसणारे खर्च वेगळे आहेत. विम्याचे हप्ते ६२ हजार. दोघांची शाळा, क्लास, पुस्तकं ९० हजार. गावची जत्रा, दिवाळी, पाव्हण्यारावळ्यांची लग्नं, अहेर, बारसं, वास्तुशांती मिळून ८० हजार (तुम्ही ५० लिहिलेत, मी ३० वाढवलेत, रागावू नका). गाडीचा विमा, टायर, सर्व्हिसिंग २५ हजार. सोन्यावरच्या कर्जाचं व्याज २० हजार. बेरीज २ लाख ७७ हजार. नुसत्या पगारावर घर चालवलं तर वर्षाला ६७ हजार कमी पडतात.

आता ऊस. लागण आणि खोडवा (तोडीनंतर त्याच खोडांवर फुटलेला ऊस) मिळून एकरी सरासरी ५० टन म्हणजे १५० टन. तोडणी-वाहतूक वजा जाऊन टनाला ३,४०० रुपये धरू. ५ लाख १० हजार झाले. बेणं, सरी, खतं, भांगलण, पाणीपट्टी, आणि तोडीच्या वेळी वरून द्यावी लागणारी टोळीची खुशाली नि ट्रॅक्टरवाल्याची एंट्री असा सगळा खर्च तुम्ही १ लाख ६० हजार दिलाय. खुशाली नि एंट्री प्रामाणिकपणे लिहिलीत याचं कौतुक वाटलं. नव्वद टक्के शेतकरी हा खर्च वहीत लिहितच नाहीत आणि मग खत महाग झालं म्हणतात. निव्वळ राहिले साडेतीन लाख.

साडेतीन लाखांतून ते ६७ हजार गेले तरी २ लाख ८३ हजार उरतात. तुमची खरी बचत करायची ताकद एवढी आहे आणि तुम्ही मात्र ती शून्य समजून चालला आहात. मागच्या वर्षी त्यातून भाचीच्या लग्नाला मामा म्हणून दिलेलं, बोअर, मोबाईल आणि उरलेलं "असंच" गेलं. भाचीच्या लग्नाला दिलं त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, मामानं द्यावंच. पण त्याच लग्नासाठी सोनंही ठेवलं गेलं. बिल फेब्रुवारीत आलं, लग्न मे महिन्यात होतं आणि तोवर बिल संपलेलं होतं.

म्हणून पहिलं काम कॅलेंडरचं. भिंतीवरचं साधं कॅलेंडर घ्या, एसआयपीच्या ॲपपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल. आपल्याकडचं वर्ष असं चालतं: एप्रिल-मे जत्रा आणि लग्नसराई. जूनला शाळा. जुलै-ऑगस्टला आडसाली लागण, आणि त्याच दिवसांत कृष्णेचं पुराचं पाणी. मग गणपती, दिवाळी. नोव्हेंबरात कारखाने सुरू, पण आपली तोड कधी येईल ते चिटबॉयच्या (तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या) हातात. जानेवारी ते मार्च बिल. आणि ३१ मार्चला सोसायटीचं नवं-जुनं (जुनं कर्ज भरून नवं उचलणं). यातला प्रत्येक मोठा खर्च त्या-त्या महिन्यावर रकमेसह लिहा. लिहिलं की दिसेल, तुमचे दोन लाखांहून जास्त खर्च एप्रिल ते नोव्हेंबरमध्ये आहेत आणि मोठं उत्पन्न एकदाच, वर्षाच्या शेवटी. मधल्या आठ महिन्यांत माणूस सोनं ठेवतो किंवा हातउसने घेतो. त्याला उधळेपणा म्हणता येत नाही. आपल्या पिकाचं वेळापत्रकच तसं आहे. आडसाली ऊस अठरा महिने शेतात उभा असतो. त्याच्याकडून दरमहा उत्पन्नाची अपेक्षा करता येत नाही.

यंदा तुमचा ऊस फेब्रुवारीअखेर तुटला आणि बिल यायचं आहे, हे नियोजनाच्या दृष्टीनं चांगलं झालं. बिल खात्यावर जमा होण्याआधीच त्याची वाटणी ठरवता येईल. (ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे गाळपानंतर नव्हे, ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. हे व्याज सहजासहजी कुणी देत नाही ते तुम्हालाही माहीत आहे. नियोजन करताना मात्र बिल महिनाभर उशिरा येईल असंच धरा.) सोसायटीचे १ लाख ८० हजार कारखान्यातूनच कापले जातील. ते पीक कर्ज वेळेत गेलं तर ३ लाखांपर्यंत केंद्राची आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. इतकं स्वस्त कर्ज तुम्हाला दुसरीकडे कुठेही मिळणार नाही, म्हणून ते थकवू नका. बिल ३१ मार्चपर्यंत आलं नाही तर नवं-जुनं करण्यापुरते पैसे हाताशी हवेत. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खासगी माणसाकडून दहा दिवसांसाठी दोन-तीन टक्क्यांनी पैसे उचलणारे मी दरवर्षी बघतो. वर्षभराची सवलत त्या दहा दिवसांत निम्मी जाते. आणि कर्जमाफीच्या आशेवर थकबाकी ठेवू नका. २०१९ च्या कर्जमुक्ती योजनेत पंचवीस हजारांवर पगार असलेले सरकारी कर्मचारी वगळलेले होते.

बिलाकडे यायच्या आधी पतसंस्थेतली ठेव आणि सोनं. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. सोन्यावर तुम्ही दहा टक्के व्याज भरता आणि ठेवीवर साडेआठ टक्के घेता. म्हणजे दुसऱ्याच्या घरात आपले पैसे ठेवून आपल्याच सोन्यावर जादा व्याज भरणं चालू आहे. ठेवीतले २ लाख काढा, सोनं सोडवून आणा. उरलेला १ लाख कुठल्याही मोठ्या बँकेत ठेवा.

पतसंस्थेबद्दल मी थोडा पूर्वग्रहदूषित आहे, तेव्हा कारण सांगतो. माझ्या वडिलांनी निवृत्तीच्या पैशातले ८० हजार एका पतसंस्थेत ठेवले होते. संचालक ओळखीचे, एक टक्का व्याज जास्त. एके दिवशी पाटी तशीच राहिली आणि शटर खाली आलं. अकरा वर्षं खेटे घालून हप्त्याहप्त्यानं बावन्न हजार हाती लागले. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, ठेव विमा महामंडळाचं प्रति ठेवीदार प्रति बँक ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते १ लाखावरून ५ लाख झालं. पतसंस्थेला हे संरक्षण लागू नाही. सगळ्या पतसंस्था वाईट असं मी म्हणत नाही. आपल्या जिल्ह्यात उत्तम चाललेल्या कितीतरी आहेत. पण अडीअडचणीसाठी राखलेला पैसा तिथं ठेवू नका.

हा १ लाख म्हणजे तुमच्या आपत्कालीन निधीची सुरुवात. घरखर्च आणि हप्ता मिळून महिना साधारण ५० हजार. तीन महिन्यांचे दीड लाख हवेत. सहा महिन्यांचे ठेवा असं पुस्तकं सांगतात, पण तुमची नोकरी कायम आहे, म्हणून तीन पुरे. फक्त तुमच्या भागात एक गोष्ट वेगळी आहे. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा आलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. नदीकाठच्या रानात उभा ऊस आठ-दहा दिवस पाण्यात राहिला की त्याचं काय होतं ते तुम्ही मला सांगाल. तेव्हा या दीड लाखाला एटीएम कार्ड जोडून ठेवा, आणि सातबारा, पॉलिसी, ठेवीच्या पावत्या, मुलांचे दाखले यांचे फोटो मोबाईलमध्ये आणि बाहेरगावच्या एका नातेवाइकाकडे असू द्या. पूर ओसरल्यावर चिखलातून पावत्या वेगळ्या करणारी माणसं २०१९ ला माझ्या ऑफिसात आली होती.

विमा. तुमच्या तीन पॉलिसींचा हप्ता ६२ हजार आणि सगळ्यांची मिळून विमा रक्कम ९ लाख. म्हणजे उद्या काही बरंवाईट झालं तर घराचं कर्ज फिटेल आणि वहिनींच्या हातात काही राहणार नाही. पतसंस्थेचं कर्ज उभंच राहील. २२ हजार हप्त्याची पॉलिसी दोन वर्षांत पूर्ण होते, ती चालू ठेवा. बाकी दोन, ४० हजारांच्या, मध्यावर आहेत. त्या मोडायला सांगणारे बरेच भेटतील. मी सांगत नाही, कारण मध्येच सरेंडर केल्यावर हातात येणारी रक्कम बघून माणसाला वाईट वाटतं आणि तो पुढं विम्याचं नावच काढत नाही. त्या पेड-अप करा: पुढचा हप्ता बंद, विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होते आणि ती मुदतीअखेर मिळते. शाखेत जाऊन दोन्हीचे आकडे, सरेंडर किती आणि पेड-अप किती, लेखी घ्या. एजंट तुमचे सहकारीच असतील, शिक्षकांच्या बाबतीत निम्म्या वेळा तसंच असतं. चहा प्या, पण निर्णय स्टाफरूममध्ये घेऊ नका. मोकळ्या झालेल्या हप्त्यातून साठ वर्षांपर्यंतचा ७५ लाखांचा टर्म प्लॅन (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) घ्या. तुम्ही ५८ ला निवृत्त व्हाल. तोवर मुलगा कमवायला लागला असेल. तंबाखू खात असाल तर फॉर्मवर लिहा. ती लपवल्यामुळे अडकलेले दावे मी बघितलेत.

आजारपणात आपल्याला मोठ्या दवाखान्यांचं मिरज जवळ आहे ही मोठी सोय, आणि मिरजेचं बिल ही मोठी धास्ती. आईंचं वय सत्तरच्या वर आहे, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मिळतात. आधार घेऊन गेलं की काम होतं. त्यांच्यासाठी आता नवा खासगी विमा घेणं महाग पडेल. तुम्ही चौघांसाठी मात्र १० लाखांचा कौटुंबिक आरोग्य विमा घ्या. शिक्षकांना वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते हे मला माहीत आहे. तिची फाईल कुठल्या टेबलावर किती दिवस बसते हे तुम्हाला माहीत आहे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झालाय, तेवढा फायदा आहे. आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणूनच तब्येत ठीक असताना घ्यायचा. टर्म आणि आरोग्य दोन्ही मिळून मी ४५ हजार धरतोय. खरं कोटेशन आलं की हा आकडा बदला.

आता वार्षिक खर्च पुन्हा मांडू. २ लाख ७७ हजारांतून सोन्याचं व्याज २० आणि पेड-अप केलेले ४० हजार गेले, नवे ४५ आले: २ लाख ६२ हजार. यासाठी एक वेगळं बचत खातं उघडा. माझ्या अशिलांमध्ये त्याला आम्ही "वर्षाचं खातं" म्हणतो. विम्याचा हप्ता, शाळेची फी, जत्रा, अहेर, टायर हे सगळं फक्त या खात्यातून. पगारातून दरमहा १२,५०० तिकडे, म्हणजे वर्षाचे दीड लाख. उरलेले १ लाख १२ हजार उसाच्या बिलातून, बिल आलं त्याच दिवशी.

म्हणजे बिलातल्या साडेतीन लाखांची वाटणी अशी बसते: १ लाख १२ हजार वर्षाच्या खात्यात, ५० हजार आपत्कालीन निधी पुरा करायला, १ लाख मुलीच्या शिक्षणासाठी ठेव, ६० हजार जुलैच्या लागणीसाठी आणि राहिलेले २८ हजार हौसेला. लागणीचे ६० हजार बाजूला काढायला बहुतेक जण तयार होत नाहीत. सोसायटी देतेच की, म्हणतात. पण सोसायटीचे पैसे हातात यायला उशीर झाला की खताच्या दुकानदाराची उधारी सुरू होते, आणि उधारीचा भाव रोखीच्या भावापेक्षा वेगळा असतो. हौसेचे २८ हजार काढून टाकू नका. जिथं हौसेला जागा ठेवलेली नसते तिथं ती बाकीच्या रकमांतून आपली जागा करून घेते.

मुलीचं शिक्षण हा तुमच्या घरातला पुढच्या चार वर्षांतला सगळ्यात मोठा खर्च. तिला सायन्सला पाठवायचं आणि मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचे क्लास लावायचे म्हणता. हा पैसा दोन ते चार वर्षांत लागणार, म्हणून तो शेअर बाजारात नको, म्युच्युअल फंडात नको, सोन्यातही नको. बँकेच्या ठेवीत आणि आवर्ती ठेवीत राहू द्या. सुकन्या समृद्धीबद्दल विचारलंय. त्याचं खातं मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं, ती वेळ गेली. क्लासवाले दोन वर्षांची फी एकदम भरा, सवलत देतो म्हणतील. भरू नका. सहा महिन्यांनी मुलीनं मला हे नको म्हटलं तर परत काय मिळतं, ते आधी पावतीच्या मागं वाचा. बहुतेक वेळा काहीच मिळत नाही. आणि तिला काय शिकायचंय हे तिला एकदा विचारा. हा आर्थिक सल्ल्याचाच भाग समजा.

आता एसआयपी. पगारातल्या १७,५०० मधून १२,५०० वर्षाच्या खात्याला गेले, उरले ५ हजार. तेवढ्याची एसआयपी करा. एक निर्देशांक फंड (बाजाराच्या निर्देशांकातल्याच कंपन्यांत पैसे लावणारा) पुरे, चार फंडांत हजार-हजार टाकून काही साधत नाही. हा पैसा मुलाच्या पदवीसाठी आणि तुमच्या निवृत्तीसाठी, म्हणजे सहा ते बारा वर्षांचा. आत्ता पाचच हजार, असं वाटेल. मुलगी शिकून झाली आणि पतसंस्थेचा हप्ता संपला की पंधरा करता येतील. बाजार पडला म्हणून बंद करणार असाल तर सुरूच करू नका, पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) भरा. तिथं २०२५-२६ ला ७.१ टक्के आहे आणि महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरलं तरच त्या महिन्याचं व्याज मिळतं, एवढं लक्षात ठेवा. तिसरा पर्याय तुम्ही लिहिलाय, कुणीतरी "शेअरमध्ये लावून महिन्याला पाच टक्के देतो" म्हणतंय. महिन्याला पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. आपल्या जिल्ह्यात अशा माणसांच्या मागं धावून किती शिक्षक आणि किती निवृत्त पोलीस पोळलेत ते पलूस एसटी स्टँडवर उभं राहून विचारलं तरी कळेल. पहिले चार महिने ते पैसे देतातच. पाचव्या महिन्यापर्यंत तुम्ही मेहुण्याचेही पैसे आणून दिलेले असतात.

कराबद्दल. नवी प्रणाली घ्या, शंका नको. पण "बारा लाखांपर्यंत कर नाही" या वाक्यावर विसंबून राहू नका, कारण तुम्हाला शेती आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे हे खरं. तरी पगारासारखं दुसरं उत्पन्न असलं की कराचा दर ठरवताना ते मोजलं जातं. २०२५-२६ चे दर घेऊन दाखवतो. पगार ११ लाख ४० हजार, त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली, राहिले १० लाख ६५ हजार. त्यात शेतीचे साडेतीन लाख मिळवले की १४ लाख १५ हजार. त्यावर कर ९२,२५०. आता ४ लाखांची मूळ सूट अधिक शेतीचे साडेतीन, म्हणजे साडेसात लाखांवरचा कर १७,५०० वजा करायचा. राहिले ७४,७५०. शेती न धरता बारा लाखांच्या आत असलेल्यांना मिळणारी सवलत जास्तीत जास्त ६० हजारांची, ती गेली की १४,७५०, आणि ४ टक्के उपकरासह १५,३४०. शेती नसती तर शून्य. तुमच्या शाळेतल्या क्लार्कनं कर कापलेला नाही, कारण त्याला ऊस माहीत नाही. नियमाप्रमाणे हा अग्रिम कर १५ मार्चपर्यंत भरायचा असतो. राहिला असेल तर ३१ मार्चच्या आत भरा म्हणजे व्याज कमी लागेल. हौसेच्या २८ हजारांतले पंधरा गेले, नाइलाज आहे. जुन्या प्रणालीत विमा, घराचं व्याज, एनपीएस सगळं दाखवूनसुद्धा मला तुमचा कर सव्वा लाखाच्या वर दिसतो, म्हणून तिकडं बघायचंच नाही.

दोन गोष्टी आणखी. शेतीचं उत्पन्न ५ हजारांवर असलं की विवरणपत्राचा आयटीआर-१ फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. मोबाईलवरून शंभर रुपयांत रिटर्न भरून देणारा हे विचारतही नाही. आणि बिल ३१ मार्चच्या आत खात्यावर आलं तर ते या वर्षात, एप्रिलमध्ये आलं तर पुढच्या वर्षात मोजलं जाईल. तसं झालं तर वरचा पूर्ण हिशेब पुढच्या वर्षावर ढकला. खतांची, बेण्याची बिलं एका पिशवीत जपून ठेवा, कारण मोजायचं आहे ते निव्वळ उत्पन्न. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा, २०२५ चा कायदा लागू, कलमांचे नंबर वेगळे, "८०सी" (बचतीवरच्या वजावटीचं जुनं कलम) म्हणायची सवय मोडावी लागेल. तुमच्यावर त्याचा एवढाच परिणाम.

वहिनींची भिशी तशीच चालू द्या. वीस बायकांची, पाच हजारांची, म्हणजे एक लाख. व्याज मिळत नाही म्हणून नाक मुरडणारे सल्लागार असतात. त्यांच्या घरातल्या किती जणींनी वीस महिन्यांत एक लाख साठवला ते विचारा. फक्त लिलावाच्या भिशीत घाईनं उचलू नका आणि नंबर जमला तर जूनचा घ्या, शाळेच्या फीला. शिवणकामाचे पैसे त्यांच्याच खात्यावर राहू द्या. तुमच्या नावावरच्या प्रत्येक खात्याला, पॉलिसीला, पतसंस्थेच्या शेअर्सना वारसनोंद (नॉमिनी) आहे का तेही एकदा तपासा. तुमच्या एनपीएसला अजून वडिलांचं नाव असेल अशी मला शंका आहे. लग्नाआधी नोकरी लागलेल्यांच्या बाबतीत दहापैकी सात वेळा तसंच निघतं. बँकेच्या ठेवींना नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत वारसनोंद करता येते, हिस्से ठरवून.

पुढं जायला मला तुमच्याकडून एकच कागद हवा आहे: पतसंस्थेच्या ठेवीची पावती. मुदत कधी संपते आणि आधी मोडली तर किती टक्के कापतात ते त्यावर असेल. मुदत जूनमध्ये संपत असेल तर सोनं तोवर राहू द्या, व्याज तेवढं भरा. त्यापुढची असेल तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मोडून टाकू.